सीमाभागातील रेडिओ संवादकाचे काम आणि आयुष्य

खानापूर तालुक्यातील एका पदवीधर तरुणीने विचारलेला प्रश्न असा आहे: स्थानिक रेडिओवर लोकांशी संवाद साधणारी निवेदिका व्हावे अशी तिची मनापासून इच्छा आहे. या कामाला भवितव्य नाही असे घरचे म्हणतात. आपल्या बोलण्याला बेळगावी वळण आहे, त्यामुळे आवाजचाचणीतच नकार मिळेल, अशी तिला धास्ती वाटते. शिवाय या व्यवसायात माणसाचे आयुष्य प्रत्यक्षात कसे जाते, हे सांगणारे कोणी तिला भेटलेले नाही. मी नैमित्तिक उद्घोषक, म्हणजे कायम नोकरीत नसलेली, कामापुरती बोलावली जाणारी निवेदिका, म्हणून सांगलीच्या आकाशवाणीवर सुरुवात केली आणि नंतरची बहुतेक वर्षे बेळगाव परिसरात सामुदायिक रेडिओवर, म्हणजे एखाद्या संस्थेने आसपासच्या लोकांसाठी चालवलेल्या लहान केंद्रावर, संवादाचे कार्यक्रम केले. त्या अनुभवाच्या आधारे हे उत्तर लिहीत आहे, आणि ते लांबले तरी चालेल असे मी गृहीत धरते, कारण अर्धवट माहितीवर कोणी आयुष्याचा निर्णय घेऊ नये.

प्रथम या कामाची चौकट समजून घ्या. दूरचित्रवाणी पाहून अनेकांची अशी समजूत झालेली असते की संवादाचा कार्यक्रम म्हणजे राजकीय वादविवाद आणि निवेदक म्हणजे तो वाद पेटता ठेवणारा माणूस. आपल्याकडे खासगी किंवा सामुदायिक एफएमवर असा कार्यक्रम करता येत नाही. प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी दिला. त्यानंतर २००१ पासून खासगी एफएम केंद्रे सुरू झाली, २००२ च्या धोरणाने शैक्षणिक संस्थांना आणि २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्था व कृषी विज्ञान केंद्रे यांना सामुदायिक रेडिओची दारे उघडली. बातम्यांचा अधिकार मात्र यांपैकी कोणालाही मिळाला नाही. आकाशवाणीचे बातमीपत्र, आशयात काहीही बदल न करता, पुढे ऐकवण्याची मुभा आहे. वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, प्रवेशप्रक्रिया, पाणी आणि विजेचा पुरवठा, नैसर्गिक आपत्ती, स्थानिक सांस्कृतिक उपक्रम यांविषयीची माहिती देता येते. याशिवाय आकाशवाणीची प्रसारणसंहिता सर्वांना लागू आहे. धर्मावर किंवा जातिसमूहावर हल्ला, एखाद्या राजकीय पक्षावर नाव घेऊन टीका, कोणत्याही राज्याविरुद्ध अथवा केंद्राविरुद्ध शत्रुत्वाची भाषा, न्यायालयाचा अवमान, हिंसेला चिथावणी हे सर्व तिच्यात निषिद्ध आहे. दोन राज्यांच्या वादात वाढलेल्या आपल्यासारख्या प्रदेशात ही कलमे किती वेळा आठवावी लागतात, हे इथल्या निवेदकाला वेगळे सांगावे लागत नाही.

सामुदायिक केंद्रांवरील बातम्यांची बंदी मला स्वतःला अन्यायकारक वाटते. ज्या गावातली नळयोजना बंद पडली आहे त्या गावातल्या केंद्राने पुरवठ्याची सूचना द्यावी, पण योजना का बंद पडली याची बातमी देऊ नये आणि दिल्लीच्या बातम्या मात्र ऐकवाव्यात, याला कोणताही लोकशाही आधार नाही. तरीही या बंदीचा एक परिणाम आमच्या कामावर चांगला झाला, आणि तो मी मोकळेपणाने मान्य करते. नेत्यांच्या वक्तव्यांवर अर्धा तास भरून काढण्याची सोय नसल्यामुळे आम्हांला शेती, आरोग्य, कायदा, शिक्षण, नोकरी, वृद्धांची देखभाल, बचत गटांचे हिशेब अशा विषयांकडे वळावे लागले. ज्या विषयांवर सामान्य माणसाला सांगण्यासारखे खूप असते आणि ऐकून घेणारे कोणी नसते, तेच विषय हे. स्थानिक संवादकाचे सगळे करिअर याच जागेवर उभे असते.

आपल्या भागाला रेडिओ नवा नाही, आणि इथला श्रोता कधीही एका केंद्राचा नव्हता. धारवाड केंद्र १९५० साली सुरू झाले, सांगली केंद्र १९६३ साली. गोवा मुक्त झाल्यावर पणजीचे केंद्र आकाशवाणीकडे आले. धारवाड ७६५ किलोहर्ट्‌झवर आणि सांगली १२५१ किलोहर्ट्‌झवर, अशी मध्यम लहरींची दोन ठिकाणे जुन्या रेडिओच्या काट्याला पाठ झालेली होती. निपाणी आणि चिकोडीकडचा शेतकरी सांगलीचे बाजारभाव ऐकत असे, खानापूरकडच्या घरांतून पणजीची कोकणी आणि मराठी गाणी ऐकू येत, आणि तीच माणसे संध्याकाळी धारवाडचा कन्नड कृषिकार्यक्रमही ऐकत. मध्यम लहरी जमिनीच्या चढउतारांना धरून दूरवर जातात, त्यामुळे हे शक्य होते. एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात आणि डोंगर आडवा आला की अडतात. सामुदायिक केंद्राच्या प्रक्षेपणाची प्रभावी शक्ती साधारणपणे १०० वॅट असते, तिची पोहोच सपाटीवर दहा-पंधरा किलोमीटर. बेळगाव शहर, वडगाव, शहापूर, कंग्राळी, येळ्ळूर इथे आवाज स्वच्छ येईल, पण जांबोटीच्या पुढे कणकुंबीच्या जंगलपट्ट्यात तो पोहोचेल अशी अपेक्षा ठेवू नका. आपण खानापूर तालुक्यातल्या आहात, म्हणून हे मुद्दाम लिहिले. आपला आवाज आपल्याच गावात ऐकू येणार नाही, अशी शक्यता आहे, आणि ती आधीच मनाशी नीट स्वीकारलेली बरी.

श्रोत्यांना बोलते करण्याचा प्रकारही आजचा नाही. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्राने शेतकऱ्यांच्या रेडिओ चर्चागटांचा एक प्रयोग केला. मुंबई राज्यातील पाच मराठीभाषक जिल्ह्यांमधल्या सुमारे १५० गावांत शेतकरी आठवड्यातून दोनदा एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत आणि आपले प्रश्न व मते केंद्राकडे पाठवत, आणि पुढच्या कार्यक्रमांत त्यांची उत्तरे दिली जात. त्या पाच जिल्ह्यांत आपल्या शेजारचा कोल्हापूर जिल्हाही होता, आणि त्या वेळी बेळगाव जिल्हाही मुंबई राज्यातच होता. राज्यपुनर्रचना त्याच वर्षी १ नोव्हेंबरला झाली. आजचा निवेदक फोनवर किंवा व्हॉट्सॲपच्या ध्वनिसंदेशावर जे करतो त्याचे मूळ इथे आहे. श्रोता बोलेल, केंद्र ऐकेल आणि पुढचा कार्यक्रम त्या बोलण्यातून घडेल, ही मांडणी मला अजूनही या व्यवसायाची सर्वांत उत्तम मांडणी वाटते.

आता प्रत्यक्ष कामाकडे येते. अर्ध्या तासाच्या संवादात निवेदक स्वतः फार तर सात-आठ मिनिटे बोलतो, परंतु त्याची तयारी काही दिवस चाललेली असते. उदाहरणासाठी एकच विषय घेते: शेतजमिनीचा उतारा. आपल्याकडे उतारा कन्नडमध्ये मिळतो, आणि सीमाभागातील अनेक वयस्क मराठी शेतकऱ्यांना तो वाचता येत नाही. वारसनोंद झाली आहे की नाही, बँकेचा बोजा उतरला आहे की नाही, पीकपाहणीत भात लागले आहे की ऊस, हे ते दुसऱ्याच्या सांगण्यावर मानतात, आणि त्यातून फसवणूक होते. या विषयावर कार्यक्रम करायचा तर तलाठ्याला आणून बसवले म्हणजे झाले असे होत नाही. आधी दोन-तीन गावांत जाऊन लोकांच्या हातातले खरे उतारे पाहावे लागतात, कोणत्या रकान्यापाशी लोक अडतात ते समजून घ्यावे लागते, त्यांची परवानगी घेऊन त्यांचे प्रश्न ध्वनिमुद्रित करावे लागतात, अधिकाऱ्याला ते आधी ऐकवावे लागतात म्हणजे तो सरकारी परिपत्रकाच्या भाषेत उत्तर देत नाही, आणि मग स्टुडिओत रकान्यामागून रकाना असे बोलावे लागते की घरी उतारा हातात धरून बसलेल्या माणसाचे बोट योग्य जागी जाईल. असा एक कार्यक्रम नीट झाला की वर्षभर त्याची मागणी येत राहते. याच पद्धतीने गवे आणि रानडुकरांनी केलेल्या पीकनुकसानीचा अर्ज, ऊसबिलाची तक्रार, गोव्यात कामाला गेलेल्या मुलांचा विमा, रताळ्याच्या लागवडीतली कीड असे विषय हाताळता येतात.

फोन घेण्याची एक शिस्त असते, ती शिकवून येते. फोन लागला की श्रोत्याला आधी घरातला रेडिओ बंद करायला सांगावे, नाहीतर त्याचा आवाज फिरून येतो आणि घुमतो. नाव आणि गाव विचारावे, पण आरोग्याचा किंवा कुटुंबाचा प्रश्न असेल तर नाव न सांगण्याची मुभा प्रसारणाबाहेरच द्यावी. मोठ्या केंद्रांवर थेट प्रसारण काही सेकंद उशिराने सोडणारी यंत्रणा असते, म्हणजे शिवी किंवा बदनामीकारक वाक्य वेळीच तोडता येते. लहान केंद्रांवर ती बहुधा नसते, म्हणून तिथे फोन आधी ध्वनिमुद्रित करून नंतर प्रसारित करणे श्रेयस्कर. सामुदायिक केंद्राला प्रत्येक कार्यक्रमाची ध्वनिमुद्रित प्रत तीन महिने जपून ठेवावी लागते, हा नियम कागदोपत्री वाटला तरी निवेदकाचे संरक्षण करणारा आहे, कारण उद्या कोणी तक्रार केली तर आपण काय बोललो त्याचा पुरावा आपल्याजवळ असतो.

प्रश्न विचारल्यानंतर गप्प राहणे, हा या कामातला सर्वांत अवघड भाग आहे. खेड्यातली बाई आपल्या सासूच्या आजाराविषयी बोलू लागते आणि मध्येच थांबते. त्या तीन-चार सेकंदांच्या शांततेला नवा निवेदक घाबरतो, लगेच पुढचा प्रश्न टाकतो, आणि जे सांगण्यासाठी तिने फोन केला होता ते राहून जाते. श्रोत्यांना ती शांतता खटकत नाही, कारण ते तिच्या जागी स्वतःला बसवून ऐकत असतात. ध्वनिक्षेपकापासून वीतभर अंतर ठेवणे, कागद न वाजवता पान उलटणे, मिनिटाला शंभराच्या आसपास शब्द ठेवणे या गोष्टी महिन्याभरात अंगवळणी पडतात. ही शांतता सांभाळायला काही वर्षे लागतात, आणि जे ती कधीच शिकत नाहीत ते उत्तम उद्घोषक होऊ शकतात, संवादक होत नाहीत.

भाषेविषयीची आपली भीती मी समजू शकते, कारण आवाजचाचणीच्या मेजापलीकडे पुण्या-मुंबईचे उच्चार प्रमाण मानणारी माणसे पूर्वी असत आणि काही ठिकाणी आजही असतात. आकाशवाणीच्या चाचणीत प्रमाण मराठीतला उतारा स्वच्छ वाचता आलाच पाहिजे, तिथे ‘न’ आणि ‘ण’, ‘श’ आणि ‘ष’ यांत गोंधळ चालत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण सूचना, औषधाची मात्रा किंवा अर्जाची मुदत सांगताना उच्चार संदिग्ध असून चालत नाही. परंतु संवादाच्या कार्यक्रमात आपल्या बोलण्याचा सूर पुसून टाकू नका. सामुदायिक रेडिओच्या धोरणातच कार्यक्रम शक्यतो स्थानिक भाषेत आणि बोलीत असावेत, आणि निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार व्हावेत, असे म्हटले आहे. “भात सगळं आडवं पडलंय बघा, आता काय करायचं सांगा की,” असे एखादा शेतकरी विचारतो तेव्हा त्याचे वाक्य सुधारून पुन्हा म्हणणारा निवेदक त्याला आणि त्याच्यासारख्या हजारोंना परत फोन न करण्याचा धडा देतो. मी नव्या सहकाऱ्यांना एवढेच सांगत आले आहे की माहिती द्याल ती प्रमाण भाषेत द्या आणि विचारपूस कराल ती घरच्या भाषेत करा.

कन्नड मात्र आपल्याला चांगले यायलाच हवे. मराठीच्या प्रेमापोटी कन्नड टाळणारे निवेदक मी पाहिले आहेत आणि कन्नडच्या आग्रहापोटी मराठी श्रोत्याला तोडून टाकणारेही पाहिले आहेत, आणि दोघांनीही आपापल्याच श्रोत्यांचे नुकसान केले. इथल्या भाजीबाजारात, उद्यमबागेतल्या कारखान्यांत, दवाखान्याच्या रांगेत लोक एका वाक्यात दोन्ही भाषा बोलतात. मराठी कार्यक्रमाला कन्नड श्रोत्याचा फोन आला तर त्याच्याशी कन्नडमध्ये आदराने बोलावे, ‘री’ लावून बोलावे, आणि त्याच्या बोलण्याचा आशय आपल्या पुढच्या प्रश्नात मराठीतून सहज ओवावा, म्हणजे आपले भाषांतर केले जात आहे असे त्याला वाटत नाही आणि मराठी श्रोताही मागे राहत नाही. माझ्या कार्यक्रमाला येणाऱ्या फोनमध्ये कोणी मला ‘ताई’ म्हणत असे, कोणी ‘अक्का’, आणि दोन्ही हाकांना ओ देणे हेच माझ्या कामाचे स्वरूप होते.

सीमाप्रश्नाचे काय, असे आपण विचारलेले नाही, पण तो प्रश्न आपल्याला विचारला जाणारच. १ नोव्हेंबर जवळ आला की, किंवा सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून चाललेल्या दाव्याची बातमी आली की, कोणत्याही विषयावरच्या कार्यक्रमात कोणीतरी हा विषय काढते. प्रसारणसंहितेमुळे त्यावर वाद घालता येत नाही. फोन तोडून टाकणे हा मात्र त्यावरचा उपाय नव्हे, कारण श्रोत्याच्या दृष्टीने तो अपमान असतो आणि तो खराही असतो. मी अशा वेळी त्या माणसाला त्याच्या रोजच्या अडचणीविषयी विचारीत असे: मुलाला मराठी शाळेत घालायचे होते तर कुठे अडले, अर्ज कोणत्या कार्यालयात कोणत्या भाषेत हवा होता, बसचा फलक वाचता न आल्याने काय झाले. मनातली व्यथा अशा प्रश्नांतून बाहेर येते, नियम मोडत नाहीत आणि कधी कधी तर त्या अडचणीवर तोडगाही निघतो. आपली स्वतःची मते याविषयी तीव्र असतील, माझीही आहेत, परंतु ध्वनिक्षेपकासमोर बसलेल्या माणसाने ती कार्यक्रमात आणली तर निम्मे श्रोते त्याच्याकडे आरोग्याचा प्रश्नही विचारायला येत नाहीत.

आपत्तीच्या काळात या कामाची खरी किंमत कळते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचे पाणी आले आणि पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला, तेव्हा दोन्ही बाजूंना अडकलेल्या माणसांच्या हातातल्या फोनवर खऱ्याखोट्या बातम्यांचा पूर आला होता. २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात कोगनोळीच्या नाक्यावर तपासणी सुरू झाली आणि ज्यांचे माहेर कागलला व सासर निपाणीला अशा बायकांना पलीकडे जाण्याचे नियम रोज नव्याने समजून घ्यावे लागत होते. अशा वेळी निवेदकाने पाळायचा नियम एकच: माहिती कोणी दिली आणि ती किती वाजताची आहे, हे दोन्ही प्रत्येक वेळी सांगायचे. “तहसीलदार कार्यालयाने सकाळी ११ वाजता दिलेल्या माहितीनुसार” हे शब्द दर वेळी उच्चारणे कंटाळवाणे वाटते, पण दुपारी परिस्थिती बदलली की याच शब्दांमुळे श्रोता आपल्याला खोटे ठरवत नाही, जुनी माहिती आणि नवी माहिती यांतला फरक त्याच्या लक्षात येतो. श्रोत्याने फोनवर दिलेली माहिती, मग तो कितीही ओळखीचा असो, पडताळल्याशिवाय पुढे सांगायची नाही. पुलावर पाणी आल्याचे एखाद्याने सांगितले तर पोलीस ठाण्याला विचारायचे, तोवर फक्त सावधगिरीची सूचना द्यायची.

घरच्यांच्या काळजीला आता उत्तर देते, आणि इथे मी काहीही गोड करून सांगणार नाही. केवळ स्थानिक संवादक म्हणून सीमाभागात पूर्ण संसार चालेल असे उत्पन्न सहसा मिळत नाही. आकाशवाणीच्या नैमित्तिक उद्घोषकाला महिन्याला साधारणपणे सहाच कामे दिली जातात, त्यासाठी आवाजचाचणी आणि ‘वाणी’ हे प्रशिक्षण पूर्ण करावे लागते, आणि ही नोकरी नसल्यामुळे निवृत्तिवेतन वगैरे काही नसते. सामुदायिक केंद्रांची स्थिती त्यांच्या जाहिरातींवर अवलंबून असते. २०२४ मध्ये जाहिरातींसाठीची मर्यादा तासाला ७ मिनिटांवरून १२ मिनिटे झाली आणि सरकारी जाहिरातीचा दर १० सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ रुपये झाला. हिशेब करून पाहा: पूर्ण १२ मिनिटे सरकारी जाहिरातींनी भरली तरी तासाला ५,३२८ रुपये होतात, आणि इतकी जाहिरात लहान केंद्राला प्रत्यक्षात मिळत नाही. त्या पैशातून वीज, यंत्रांची दुरुस्ती, परवाना आणि माणसांचे मानधन भागवायचे असते. म्हणून अनेक केंद्रे एखाद्या शिक्षणसंस्थेच्या किंवा रुग्णालयाच्या आधारावर उभी असतात. बेळगावचे केएलई संस्थेचे ‘वेणुध्वनी’ हे ९०.४ मेगाहर्ट्‌झवरचे केंद्र आपल्याला माहीत असेलच.

माझ्या ओळखीचे जे निवेदक या कामात दीर्घकाळ टिकले ते जवळजवळ सगळे दुसरा काही व्यवसाय करत होते: शिक्षक, ग्रंथपाल, विमा प्रतिनिधी, मुद्रितशोधक, शेतकरी. कार्यक्रमांचे सूत्रसंचालन, माहितीपटांचे निवेदन, श्राव्य पुस्तके, शासकीय जनजागृतीच्या ध्वनिफिती यांतूनही काही मिळकत होते. मी स्वतः शिकवणी घेत असे आणि तिचे तास कार्यक्रमाभोवती बसवलेले असत. आपल्या आईवडिलांना ‘हे करिअर आहे’ असे पटवण्यापेक्षा, पोट भरण्यासाठी मी अमुक करीन आणि त्याच्या बरोबरीने हे काम करीन, असे स्पष्ट सांगितले तर त्यांचा विरोध बराच ओसरेल असे मला वाटते.

शरीराची काळजी मात्र व्यावसायिक गायकासारखी घ्यावी लागते. घसा बसलेला असताना कुजबुजत बोलल्याने स्वरतंतूंना आराम मिळतो, हा गैरसमज आहे, त्यापेक्षा मौन बरे. सारखे खाकरणे टाळून घोटभर पाणी प्यावे. बेळगावच्या पावसाळ्यातल्या दमट गारठ्यात वातानुकूलित स्टुडिओत जाताना अंगावर शाल असावी. दोन-तीन आठवड्यांहून अधिक काळ आवाज घोगरा राहिला तर काढ्यांवर विसंबून न राहता कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे. रात्रीचे कार्यक्रम करणाऱ्या स्त्रियांनी परतीच्या वाहनाची जबाबदारी केंद्राची आहे, हे पहिल्याच दिवशी लेखी ठरवून घ्यावे. संकोचाने हे टाळणाऱ्या अनेक चांगल्या मुली वर्षभरात हे काम सोडून गेलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि प्रत्येक वेळी तोटा श्रोत्यांचा झाला.

लहान गावातल्या प्रसिद्धीचा एक वेगळा भार असतो. खडेबाजारात साडीच्या दुकानात आपण दोन शब्द बोललो की मागून कोणीतरी आवाज ओळखते, हा आनंद मोठा आहे आणि तो मी नाकारणार नाही. परंतु तीच ओळख घेऊन लोक घरी येतात: मुलाचा प्रवेश, रुग्णालयातले बिल, भावकीचे भांडण. निवेदक अधिकाऱ्यांना ओळखतो म्हणजे तो वशिला लावू शकतो, अशी समजूत असते. पक्ष आणि संघटना व्यासपीठावर बोलावतात आणि नाही म्हटले तर राग धरतात. मी कोणत्याही पक्षाच्या किंवा उमेदवाराच्या कार्यक्रमाचे सूत्रसंचालन केले नाही, पैसे चांगले असतानाही केले नाही, आणि नव्या निवेदकांनी हा नियम पहिल्या निवडणुकीपूर्वीच स्वतःला घालून घ्यावा असे माझे ठाम मत आहे. शहरातला मोठा निवेदक श्रोत्याला कधी भेटत नाही. आपल्याला मात्र काल रेडिओवर ज्याला उत्तर दिले तोच माणूस आज बसमध्ये शेजारी बसलेला असतो, आणि उत्तर चुकीचे निघाले तर तो तिथेच विचारतो. या उत्तरदायित्वाइतकी कडक परीक्षा दुसरी नाही, आणि ज्याला ती नकोशी वाटते त्याने स्थानिक रेडिओकडे वळू नये.

काळ बदलला आहे हे खरे आहे. पूर्वी पोस्टकार्डांचे गठ्ठे येत, श्रोतासंघ असत, पत्राला रेडिओवरून उत्तर मिळाले की गावात वाचन होई. आज तरुण श्रोता फोनवर ऐकतो आणि त्याच्या वेळेनुसार ऐकतो. मला या बदलाचे दुःख नाही. ज्या स्त्रिया कधी पत्र लिहू शकल्या नाहीत त्या आज व्हॉट्सॲपवर दोन मिनिटांचा ध्वनिसंदेश पाठवतात, आणि त्यातल्या अनेक संदेशांची मांडणी कोणत्याही पत्रापेक्षा सरस असते. कार्यक्रम प्रसारित झाल्यावर तो इंटरनेटवर ठेवला तर कणकुंबीपर्यंत न पोहोचणारा आवाज तिथल्या मुलाच्या फोनवर, तो गोव्यात कामाला असला तरी, पोहोचतो. मात्र तिथे प्रेक्षकसंख्येचा आकडा समोर दिसत असल्यामुळे वादग्रस्त विषयाकडे ओढा वाढतो. उताऱ्याच्या रकान्यांवरचा कार्यक्रम तीनशे जणांनी ऐकला आणि भांडणाची चित्रफीत तीन लाखांनी पाहिली, म्हणून पहिला कार्यक्रम लहान ठरत नाही.

सुरुवात कशी करावी, ते शेवटी सांगते. आपल्या गावातला एक असा विषय निवडा ज्याची माहिती लोकांना हवी आहे आणि मिळत नाही. एखादी आशा कार्यकर्ती, एखादा वयस्क शेतकरी आणि त्या विषयाचा जाणकार अशा तिघांशी बोला, त्यांची परवानगी घेऊन फोनवरच मुद्रण करा, फक्त पंखा बंद ठेवा आणि भांड्यांच्या आवाजापासून दूर बसा. तासाभराचे बोलणे आठ मिनिटांवर आणा आणि ते आणताना कोणाच्याही वाक्याचा अर्थ बदलणार नाही हे पाहा. तयार झालेला भाग आधी त्या तिघांना ऐकवा. त्यांनी मान्य केला की तो घेऊन जवळच्या सामुदायिक केंद्राच्या कार्यक्रमप्रमुखांना भेटा. स्थानिक सहभागाची अट त्यांनाही पूर्ण करायची असते, त्यामुळे असे साहित्य हाती घेऊन आलेल्या माणसाला ते सहसा परत पाठवत नाहीत. आकाशवाणीच्या नैमित्तिक उद्घोषकांच्या जाहिराती वृत्तपत्रांत आणि केंद्राच्या सूचनाफलकावर येतात, त्या सांगली, कोल्हापूर, धारवाड आणि पणजी अशा चारही ठिकाणच्या पाहत जा, कारण आपल्यासाठी ही चारही केंद्रे जवळचीच आहेत, आणि मराठी व कन्नड या दोन्ही भाषांत बोलू शकणारा उमेदवार तिथे उपयोगी ठरतो. अर्जासोबत जोडायला पदवीचे प्रमाणपत्र आणि वयाचा दाखला तयार ठेवा, रोज सकाळी वृत्तपत्राचे एक पान मोठ्याने वाचून त्याचे मुद्रण स्वतः ऐका, आणि आठवड्यातून एकदा कन्नड वृत्तपत्राचेही एक पान असेच वाचा.